दोघांचं कार्ड

नेरेइदाने नायलॉनचा पायमोजा दोन बोटांवर घट्ट ताणला आणि बेसबॉलपटूंच्या जुन्या चित्रकार्डाच्या वरच्या कडेवर टेकवला. जोर द्यायचा नाही, आतून बाहेर न्यायचं, दर वेळी मोज्याचा कोरा भाग घ्यायचा. तिसऱ्या फेरीला पन्नास वर्षांपूर्वी कार्ड ज्या मेणकागदी पाकिटात आलं त्याचं पिवळट मेण मोज्यावर आलं आणि खालचं निळं आकाश मोकळं झालं.

"पायमोज्याने?" एलादिओ क्रेस्पो खुर्चीतून पुढे वाकला. "आणि मी शहाणा ओलं फडकं घेऊन बसलो होतो."

"ओलं फडकं लावलं असतंत तर इथे यायची गरजच नव्हती. पुठ्ठा फुगला असता. मागे सरका, श्वास लागतोय कार्डाला."

"जशी आज्ञा, दोन्या नेरेइदा." सगळे तिला मानाने दोन्या, म्हणजे बाईसाहेब, म्हणत.

बेटावरच्या मायाग्वेस शहरातल्या चष्म्याच्या दुकानात तिने छत्तीस वर्षं काचा पुसल्या होत्या. निवृत्त झाल्यावर लोक तिच्याकडे गुण ठरवणाऱ्या परीक्षकांकडे पाठवायची कार्डं आणू लागले. वरची घाण काढायची, आपलं काही चढवायचं नाही, एवढाच तिचा नियम. तिच्या हातून गेलेलं एकही कार्ड छेडछाडीचा शेरा घेऊन परत आलं नव्हतं, आणि हे सांगताना तिला आवाज चढवावा लागत नसे.

या कार्डावर दोन तरुण चेहरे होते, त्या वर्षी अमेरिकेतल्या मोठ्या संघात नव्याने घेतलेले. डावीकडे चागो बारबोसा, ज्याचं नाव पुढे गावच्या मैदानाला दिलं गेलं. उजवीकडे एलादिओ. अकरा सामने, मग गुडघा गेला. मैदानाशेजारच्या नव्या दालनात भिंतीवर शंभर सामने खेळलेल्यांचीच छायाचित्रं लागणार होती. कार्डांसाठी काचेचं कपाट होतं, पण समितीला परीक्षकांनी तपासून डबीत बंद केलेलं, दहापैकी निदान सात गुणांचं कार्ड हवं होतं. एलादिओला आत शिरायला हीच एक वाट होती.

मेण गेलं. नेरेइदाने कोरड्या फडक्याने बोटांचं तेल टिपलं आणि दिवा आडवा केला. एलादिओचा चेहरा कालच छापल्यासारखा चमकला. चागोच्या चेहऱ्यावर मात्र बदामाएवढा मंद डाग राहिला. तिने फडकं बदलून पुन्हा पुसलं. डाग हलला नाही.

"हे कोण हाताळत होतं?"

"कोण नाही? बायको, मुलं, शेजारीपाजारी. पन्नास वर्षं झाली."

"लोकांना दाखवता तेव्हा कसं धरता? धरा बघू."

त्याने कार्ड उचलून तिच्यासमोर धरलं. अंगठा थेट चागोच्या तोंडावर बसला.

दोघंही त्या अंगठ्याकडे बघत राहिले. एलादिओने कार्ड हळूच मखमलीवर ठेवलं.

"साऱ्या बेटावर लोक त्यालाच बघतात," तो म्हणाला. "म्हटलं, माझ्या घरात तरी मला बघावं."

नेरेइदाला हसू आवरेना. तोही हसला, पण लगेच थांबला.

"निघेल ना?"

"तेल निघालं. तेलाने खाल्लेली चकाकी परत येत नाही. सहा मिळतील. सात नाही."

"गाडीचं मेण चोळतात म्हणे वरून."

"चोळतात. आणि पकडले जातात."

"बाकीचे पकडले जातात. तुमच्या हाताने लावलेलं कुणाला कळणार आहे?"

"कदाचित कुणालाच नाही," ती म्हणाली. "म्हणून तर लावत नाही."

एलादिओ उठून खिडकीशी गेला. तिने दिलेली कॉफी त्याने तिथेच उभ्याने, रस्त्याकडे बघत संपवली.

"चागोच्या मुलीकडे एक आहे," तो पाठमोराच म्हणाला. "इवेतकडे. तो गेला त्या महिन्यात मला द्यायला आली होती. पाकिटातून काढल्यापासून कुणी हात लावलेला नाही. मी म्हटलं, माझं आहे की."

"खरंच हात लागला नसेल तर नऊसुद्धा पडतील त्याला."

"पण कपाटात पाटी लागेल, बारबोसा कुटुंबाकडून भेट."

"ती लागणारच."

त्याने कप खिडकीत ठेवला आणि खिशातून फोन काढला. नंबर शोधायला त्याने बराच वेळ घेतला.

"इवेत, पोरी, एलादिओकाका बोलतोय. तुझ्या बाबाचं ते कार्ड दोन्या नेरेइदाकडे घेऊन ये. कपाटासाठी. कडांना धर हं, आणि पुसायला जाऊ नकोस... हो, तेच. बघ, आहे ना जागेवर?"

पलीकडे खण ओढल्याचा आवाज आला. मग इवेतच्या लेकीचा, टेबलापर्यंत ऐकू येईल एवढा मोठ्याने.

"आई, आजोबांच्या शेजारी हा कोण?"

एलादिओ ताठ उभा राहिला. त्याने सदऱ्याची कॉलर सरळ केली.

"सांग तिला," तो फोनमध्ये म्हणाला, "उजवीकडचा मी."