हा घास वजिराचा

मित्रांनो, मी एक जुना वैरी आहे. कुत्रा वगैरे नंतर. म्हातारपणी लोक देवाचं नाव घेतात, मी एका मांजरीचं घेतो, आणि ते घेताना माझे उरलेसुरले दात आजही आपोआप बाहेर येतात. तिचं नाव शेवंती. माझं नाव वजीर. वाळूजला राम नावाच्या कामगाराच्या पत्र्याच्या घरापुढं, कडुनिंबाखाली एक गोणपाट पडलेलं असतं, ते माझं अंथरूण. त्याच घराच्या ओट्यावर एक काळी, मऊ घोंगडी आहे. तीही माझीच. पण तिच्यावर शेवंती झोपते.

माझा जन्म करमाडच्या शिवारातला. रामचे वडील मुंजाबा यांचा तेव्हा मेंढ्यांचा मोठा कळप होता. आईचं दूध सुटलं आणि मी त्यांच्या घोंगडीत शिरलो. मुंजाबांनी मला दोनच गोष्टी शिकवल्या. कळपाजवळ परकं कुणी आलं तर सोडायचं नाही, आणि कुणी दिल्याशिवाय अन्नाला तोंड लावायचं नाही. ते फडक्यात भाकरी बांधून बोरीच्या फांदीला अडकवत आणि मेंढ्यांमागं जात. खाली मी राखणीला बसे. पोटात कावळे ओरडत, तोंडाला पाणी सुटे, पण मी मान वर करून फडक्याकडं बघतसुद्धा नसे. एकदा लांडग्यानं कोकरू उचललं. ते मी त्याच्या तोंडातून सोडवून आणलं. तेव्हा मुंजाबा चारचौघांत म्हणाले होते, "वजीर हाय म्हून मला झोप लागती." आयुष्यात मला मिळालेली ही एवढीच शाबासकी. ती मी अजून विसरलेलो नाही.

पुढं चराईची रानं आटली, जिकडं तिकडं प्लॉट पडले. मेंढ्या विकल्या गेल्या. राम वाळूजच्या एका कंपनीत लागला आणि आम्ही सगळे टेम्पोत बसून इकडं आलो. मुंजाबांनी आपली जुनी घोंगडी मला देऊन टाकली. राखायला मेंढ्या नव्हत्या, म्हणून राम आणि सुलेखाची तान्ही मुलगी ज्ञानेश्वरी हिलाच मी राखू लागलो.

ही ज्ञानेश्वरी जेवताना फार रडे. सुलेखा तिला कडेवर घेऊन अंगणात फिरे आणि वरणभात भरवी. "हा घास काऊचा, हा घास चिऊचा, हा घास माऊचा." मी समोर बसून ऐकत असे. कावळा आमच्या पत्र्यावर घाण करून जाई. चिमणी गल्लीत औषधालाही नव्हती. आणि माऊ म्हणाल, तर घरात मांजरच नव्हतं! तरी यांच्या नावाचे घास रोज निघत. माझं नाव कधी येई, ठाऊक आहे? पोरीनं तोंड घट्ट मिटलं की. "खा लवकर, नायतर वजीर खाईल बघ!" ज्यानं उपाशीपोटी दुसऱ्याची भाकरी राखली, त्याचं नाव या घरात चोर म्हणून घेतलं जाई. मला बोलता येत नाही, म्हणून मी ते ऐकून घेतलं. विसरलो मात्र नाही.

मग ती माऊ खरोखरच आली. कामावरून परतताना रामनं डब्याच्या पिशवीतून एक पिवळंधमक पिल्लू आणलं. शेवंतीच्या फुलासारखी दिसते म्हणून शेवंती. जणू इतक्या वर्षांचे राहिलेले घास वसूल करायलाच आली होती. पहिल्याच दिवशी ती माझ्या घोंगडीवर चढली. मी नुसता गुरगुरलो, तर तिनं माझ्या नाकावर असा पंजा ओढला की तो ओरखडा अजून आहे. ज्ञानेश्वरी मलाच रागावली.

थोड्याच दिवसांत तिनं कळस केला. सुलेखानं तापवून झाकून ठेवलेलं दूध हिनं पाडलं, पोटभर प्यायली आणि मिशा चाटत फळीवर जाऊन बसली. भांड्याचा आवाज ऐकून मी भुंकत आत धावलो. सुलेखा आली तेव्हा सांडलेल्या दुधाजवळ कोण उभं होतं? मी. चप्पल पाठीत बसली, ती मी सोसली. पण "चोरटं मेलं!" हे शब्द अजून कानात आहेत. मुंजाबांना ते पटलं नाही, पण सुनेपुढं त्यांचं चाललं नाही. त्या दिवसापासून घोंगडी तिला, गोणपाट आणि साखळी मला. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही अशी.

त्या दिवशी मी शपथ घेतली. शेवंते, कधीतरी तुला सगळ्या घरासमोर उघडी पाडीन. वर्षं गेली. माझे दात पडत चालले, डोळ्यांत मोतीबिंदू आला. आता हा कुठं पळतो म्हणून मुंजाबांनी साखळीही काढली. शपथ तेवढी ताजी होती.

यंदा थंडी पडली आणि शेवंतीला सर्दी धरली. नाक वाहू लागलं, डोळे चिकटले, अंग तापलं. तिनं खाणं सोडलं. खोटं कशाला बोलू मित्रांनो, मला आनंद झाला. गोणपाटावर पडल्या पडल्या माझी शेपूट हलली. रामनं तिला पिशवीत घालून शहरातल्या छावणी भागात जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं. परत येऊन तो म्हणाला, "नाक चोंदलंय म्हने. मांजराला वास आला नाय तर ते खात नाय. औषधानं ताप उतरंल, पन पोटात काय गेलं नाय तर काळीज खराब व्हतं, मंग हाती लागत नाय." काळीज म्हणजे लिव्हर, हे त्यानं नंतर ज्ञानेश्वरीला समजावलं. हाती लागत नाही म्हणजे काय, ते तिनं विचारलं नाही.

औषधानं ताप खरंच उतरला. नाकही मोकळं झालं. पण अन्नावरची वासना उडाली ती उडालीच. सुलेखानं दुधात भाकरी कुस्करली. अंडं उकडून दिलं. शेवटी सुकट भाजली. तो वास निंबापर्यंत आला, तेव्हा माझी लाळ गोणपाटावर गळत होती. शेवंतीनं तोंड फिरवलं. मुंजाबांनी कोकराला पाजतात तसं तिला मांडीवर घेऊन बोटानं चाटवून पाहिलं, तिनं ते थुंकून टाकलं. सुलेखानं मीठमिरच्यांनी दृष्ट काढली. सारं घर खोकलं, शेवंतीनं फक्त डोळे मिटले. सगळे तिच्याभोवती कोंडाळं करून बसत आणि "खा गं, खा" म्हणत तिच्या तोंडाकडं बघत राहत. ज्ञानेश्वरीच्या ताटातली भाकरीही तशीच उरू लागली.

आता माझा आनंद आंबू लागला. मी विचार केला, ही मेली तर कशी मरेल? माझ्या घोंगडीवर, ज्ञानेश्वरीच्या मांडीवर, सगळ्यांच्या आसवांत. तिची फळीवरची पापं कुणाला आठवणार नाहीत. आणि मी? मी जन्माचा दूधचोर राहणार. म्हणजे ही मरूनसुद्धा मलाच फसवून जाणार! हा कुठला बदला? माझ्या अंगावरचे केस ताठ झाले. शेवंते, तुला अशी सुटू देणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर ऊन आलं होतं. ज्ञानेश्वरी ताटलीत सुकट आणि भाकरीचा काला घेऊन बसली होती. "हा घास काऊचा. हा घास चिऊचा. हा घास माऊचा, खा ना गं!" शेवंती भिंतीकडं तोंड करून पडली होती. पोरीला रडू फुटलं, आणि रडता रडता तिच्या तोंडून आईचेच शब्द निघाले. "खा, नाहीतर वजीर खाईल!"

मी उठलो. गुडघे करकरले. इतकी वर्षं ज्याचा नुसता आळ होता, ते आज खरं करायचं मी ठरवलं. ओट्यावर चढलो आणि जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याच्या ताटलीत तोंड घातलं. तिनं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, तेव्हा तिच्या डोळ्याला डोळा भिडवून, मुद्दाम मचमच आवाज करत खाल्लं. अहाहा, काय ती सुकट!

"हाड! हाड मेल्या!" सुलेखा झाडू घेऊन धावली.

"थांब पोरी," मुंजाबा म्हणाले. "मांजरीकडं बघ."

शेवंतीनं मान वळवली होती. तिचे कान मागं पडले. घशातून बारीक गुरगुर निघाली. ती थरथरत्या पायांवर उभी राहिली, झोकांडी खाल्ली, सावरली आणि माझ्या जुन्या ओरखड्यावरच पंजा मारला. त्यात जोर नव्हता. मग माझं थोबाड ढकलून तिनं ताटलीत तोंड खुपसलं आणि गुरगुरत खाऊ लागली. भूक लागली म्हणून नाही, मला मिळू नये म्हणून. ती थांबली की मी नाक पुढं करायचो, की ती आणखी एक घास ओढायची. ताटली चाटूनपुसून लख्ख झाली. ज्ञानेश्वरी एकाच वेळी हसत होती आणि रडत होती.

मुंजाबांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "आक्खा जलम गेला ह्याचा, पन न दिलेल्याला तोंड लावलं ते आज पहिल्यांदा."

सुलेखानं झाडू खाली ठेवला. "मामा," ती सासऱ्यांना म्हणाली, "मंग तवाचं ते दूध कुनी पेलं?"

सगळ्यांनी हळूहळू शेवंतीकडं पाहिलं. ती मिशा चाटत होती.

मित्रांनो, त्या क्षणासाठी मी म्हातारा होईपर्यंत जगलो. पण खरी गंमत त्यापुढं आहे. ती बरी होईपर्यंत दर जेवणाला मला मानानं ओट्यावर बोलावणं येई. आणि ज्ञानेश्वरी म्हणे, "हा घास काऊचा, हा घास चिऊचा, हा घास माऊचा, आणि हा घास वजिराचा." तो दिलेला घास असे. मी तो सावकाश खाई.

म्हणून एक विनवणी आहे. मुक्या जनावरावर आळ घेण्याआधी फळीवर कोण बसलंय ते बघत जा. आणि घरात कुणी आजारी पडलं, तर त्याच्यापुढं ताट सरकवून नुसतं "खा, खा" म्हणू नका. शेजारी बसा. त्याच्यासमोर दोन घास तुम्हीही खा.

हे मी आज सांगतो आहे, कारण आता थंडी सरली आणि माझ्याच तोंडाची चव गेली. दूधभाकरी पुढं येते, तशीच राहते. मुंजाबा जवळ बसून डोळे पुसतात. मला वाटलं, झालं, आता डोळे मिटावेत. काल संध्याकाळी ओट्यावरून शेवंती खाली उतरली. गोणपाटाजवळ आली, माझ्या डोळ्याला डोळा भिडवला, आणि सावकाश, मुद्दाम, माझ्या भांड्यात तोंड घातलं.

मी उठलो. तिला पुढचा एक घासही मिळू दिला नाही.