कोऱ्या स्लाइडचा रंग

फुफ्फुसाच्या गाठीत हार्मोनला पकडून ठेवणारे रिसेप्टर सापडले आणि विभागप्रमुख सरांनी अख्ख्या लॅबला चहा पाजला. तासाभराने ते रिसेप्टर सापडलेच नव्हते, आणि चहाही कुणी प्यायला नव्हता.

रिसेप्टर असला की अँटीबॉडी त्याला चिकटते आणि तिथे तपकिरी रंग चढतो. पडताळणीसाठी लॅबच्या तंत्रज्ञ ताईंनी गाठीच्या एका स्लाइडवर अँटीबॉडी टाकलीच नव्हती. ती स्लाइडही झकास तपकिरी झाली.

“सर, हिलाही रंग चढलाय, म्हणजे बाकीच्यांवरही भरवसा नाही.”

“ताई, उद्या यावरच माझं भाषण आहे हो. ही स्लाइड फुटली समजा.”

“समजते. पण रिपोर्टवर सही माझी असते, ती मी करणार नाही.”

“मग काय करायचं ते लेखी द्या.”

ताईंनी तिथल्या तिथे लिहून दिलं : ‘अँटीबॉडी न मिळालेल्या स्लाइडने यापुढे तपकिरी होण्यापूर्वी विभागप्रमुखांची लेखी परवानगी घ्यावी, ही नम्र विनंती.’