चौदाव्या कलमाचा तास

शाळेत तिला सगळे कलमबाई म्हणत आणि तिला त्याचा राग येत नसे. शिक्षकांच्या नोकरीच्या करारातलं कुठलंही कलम झोपेतून उठवून विचारलं तरी ती पोटकलमासकट सांगे. घरी चहात साखर कमी पडली की नवरा विचारायचा, "तक्रार कुठल्या कलमाखाली करू?" ती भाषा शिकवायची, पण जीव होता करारात, आणि त्याला कारणही तसंच होतं.

सहा वर्षांपूर्वी शिक्षकांची पारख मुख्याध्यापिकाबाईंच्या मर्जीवर चालायची. बाई वर्गाच्या दारातून डोकावत, नाक मुरडत आणि वहीत लिहीत, ‘वर्गात चैतन्य नाही.’ त्या एका ओळीवर शिवणकाम शिकवणाऱ्या बाईंची नोकरी गेली. चैतन्य म्हणजे काय, किती हवं, ते मोजायचं कशाने, हे कुणी सांगेना. तेव्हा कलमबाई संघटनेतर्फे वाटाघाटीला बसली आणि हट्टालाच पेटली. शिक्षक चांगला की वाईट हे आकड्यात ठरवा, आणि आधी सांगून ठरवा! पाच महिने तिने व्यवस्थापनाच्या वकीलसाहेबांचं डोकं खाल्लं. शेवटी चौदावं कलम करारात आलं. निरीक्षणाची सूचना चौदा दिवस आधी, लेखी. निरीक्षक दोन, एक संघटनेचा आणि एक व्यवस्थापनाचा. तासाच्या शेवटी मुलांना पाच मिनिटांत सोडवायची चिठ्ठी. शंभरातल्या ऐंशी मुलांचं उत्तर बरोबर आलं की शिक्षक पास. लागोपाठ तीनदा नापास झाला तर करार पुढे वाढवायचा नाही. त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत तिच्यासाठी टाळ्या वाजल्या होत्या.

आता यातून काय निघणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. कलमबाईला कळलं नाही. शिक्षकाला चौदा दिवस आधी तारीख कळली की तो काय करेल? केव्हाच शिकवून झालेला, मुलांकडून घोटून घेतलेला धडा काढेल आणि निरीक्षकांसमोर तोच नव्याने शिकवल्यासारखा शिकवेल. झालंही तसंच. शिक्षकांच्या खोलीत त्याला ‘पाहुण्यांचा धडा’ असं नावही पडलं. प्रत्येकाचा एकेक ठरलेला. विज्ञानाच्या बाईंचं लोहचुंबक चार वर्षं चाललं होतं. गेल्या खेपेला तर त्यांनी लोहचुंबक पिशवीतून काढायच्या आधीच अख्खा वर्ग "उत्तर ध्रुव!" म्हणून ओरडला, तरी बाई पास झाल्या. शाळेची सरासरी त्र्याण्णव टक्के. मुख्याध्यापिका खूश, संघटना खूश, पालक खूश.

लागोपाठ दोनदा नापास झाला होता तो एकच माणूस, आणि तोच शाळेतला सगळ्यात चांगला शिक्षक होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

गणिताच्या या सरांना मुलं चुकासर म्हणत, अगदी तोंडावर. सर फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारायचे आणि उजवी बाजू चुकांसाठी राखून ठेवायचे. ज्याची चूक चांगली, तिच्याखाली त्याचं नाव. कुणी म्हणालं, अर्धा अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश, की सर ते मोठ्या अक्षरात उजवीकडे लिहायचे आणि विचारायचे, "दोन पंचमांश अर्ध्याहून मोठे की लहान?"

"लहान."

"म्हणजे तुझ्याकडे अर्धा कागद होता. मी त्यात आणखी एक तुकडा दिला. आणि आता तुझ्याकडे अर्ध्याहूनही कमी कागद उरला. मग मी चोर आहे का रे?"

वर्ग हसायचा, ते पोरगंही हसायचं, आणि हसता हसता डोकं खाजवायला लागायचं. कलमबाईला हे ऐकून माहीत नव्हतं, घरात पाहून माहीत होतं. तिची लेक गणिताचं पुस्तक उघडलं की रडायची. चुकासरांच्या वर्गात गेल्यावर ती पहिल्यांदा घरी येऊन ओरडली होती, "आई, आज फळ्यावर माझी चूक होती!" आता ती पोर कॉलेजात गणितच शिकत होती.

पण नवा भाग शिकवला की पहिल्या दिवशी या सरांच्या वर्गात गोंधळच गोंधळ. निरीक्षणाच्या दिवशीही सर नेमाने पुढचा, नवा भाग शिकवायचे. निरीक्षणाची पाळी विषयवार फिरायची, गणिताकडे ती गेल्याच वर्षी आली. पहिल्या खेपेला बत्तीसपैकी नऊ मुलांचं उत्तर बरोबर आलं, दुसऱ्या खेपेला अकरा. सर निरीक्षकांना म्हणाले, "उद्या या, याच मुलांना हेच विचारा." दुसऱ्या दिवशी कलमबाईने मधल्या सुट्टीत जाऊन खरंच विचारलं. तिसांना आलं. पण कलमात लिहिलं होतं, ‘त्याच तासाच्या शेवटी’. आणि ते लिहिलं होतं तिनेच, कारण दुसऱ्या दिवशीपर्यंत चिठ्ठ्या कुणी बदलू नयेत अशी तिला भीती होती. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

दर तीन वर्षांनी कराराचा आढावा व्हायचा आणि तो नेमका याच महिन्यात आला. कलमबाई पंधरा पानं टिपणं घेऊन बैठकीला गेली. लांब टेबल, एका बाजूला वकीलसाहेब आणि मुख्याध्यापिका, दुसऱ्या बाजूला ती आणि संघटनेचे अध्यक्ष, म्हणजे चित्रकलेचे सर. सुट्ट्यांवरून दोन तास भांडण झालं, तासिकांच्या संख्येवरून दीड तास. चौदावं कलम आलं तेव्हा वकीलसाहेब घड्याळ बघत म्हणाले, "यावर कुणाचं काही नाही, पुढे जाऊ."

"माझं आहे," कलमबाई म्हणाली. "चिठ्ठी आठवड्यानंतर द्या. आणि आगाऊ सूचना काढून टाका. आधी न सांगता या."

चित्रकलेच्या सरांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही तिने स्वतःच्याच घराला काडी लावली होती. "बाई, अहो, सूचना काढायची? ती तुम्हीच मिळवलीत आपल्याला! उद्या कुणीही कधीही वर्गात घुसेल."

"पण सगळेजण झालेले धडे पुन्हा शिकवतायत. तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे—"

"मला काही माहीत नाही," चित्रकलेच्या सरांनी कानावर हात ठेवले.

"मलाही नाही," मुख्याध्यापिका घाईघाईने म्हणाल्या. "आमची सरासरी त्र्याण्णव आहे. सगळीकडे तो आकडा छापून झालाय."

वकीलसाहेब हसले. "मॅडम, सहा वर्षांपूर्वी मी म्हणत होतो की शिकवणं आकड्यात मोजता येत नाही. तुम्ही मला इथेच, याच टेबलावर पटवून दिलंत. आता पुन्हा उलटं पटवून देणार?"

अख्ख्या करारातल्या एकोणतीस कलमांपैकी दोन्ही पक्षांचं संपूर्ण एकमत असलेलं एकच कलम होतं, आणि ते मोडायला ती एकटी उभी होती. तिने मतदान मागितलं. तीन विरुद्ध एक. बैठक पार्किंगच्या कलमाकडे सरकली आणि त्यावर मात्र पाऊण तास चर्चा झाली. तिला टेबल उलथून टाकावंसं वाटलं. तिने तोंडावर पाणी मारून येते म्हणून सांगितलं आणि जिन्यात उभी राहून मनसोक्त शिव्या दिल्या, पहिली स्वतःला.

सरांच्या तिसऱ्या निरीक्षणाची सूचना लागलेलीच होती आणि संघटनेकडून निरीक्षक म्हणून पाळी तिची होती. ती मधल्या सुट्टीत सरांच्या वर्गात गेली. सर बाकावर बसून वह्या तपासत होते.

"सर, एक विनंती आहे. या खेपेला झालेला भाग घ्या."

"कुठला?"

"कुठलाही. अपूर्णांकांची बेरीज घ्या. चाळीस मिनिटांचा प्रश्न आहे."

सरांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे मुलांना माहीत असलेलं मी विचारणार, आणि ती माहीत नसल्यासारखं करणार? त्यांना खोटं वागायला मी शिकवू?"

"सर, तुम्ही बावन्न वर्षांचे आहात. इथून गेलात तर दुसरी शाळा दारात उभं करेल का? आणि तुमच्या जागी येईल तो काय शिकवेल, विचार करा जरा! सगळेच करतात हो."

"सगळे करतात ते मला माहीत आहे." त्यांनी समोरची वही मिटली. "कलम तुमचंच ना?"

"माझंच."

"बदलता येत नाही?"

"प्रयत्न केला. झालं नाही."

"बघतो," सर म्हणाले. त्यांनी पुन्हा पेन उचललं आणि तिच्याकडे वर पाहिलं नाही.

निरीक्षणाच्या दिवशी ती मुख्याध्यापिकांच्या शेजारी शेवटच्या बाकावर बसली. तिने आधी फळा पाहिला. मधली रेघ नव्हती. सर कधी नव्हे ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांनी ठणठणीत आवाजात सांगितलं, "आज आपण भिन्न छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज शिकणार आहोत." वर्ग एकमेकांकडे बघायला लागला. पुढच्या बाकावरची चष्मेवाली उठून उभी राहिली. पोर भाबडी, तिला वाटलं सर विसरले.

"सर, हे झालंय आपलं. काल वजाबाकी चालू होती. माझी चूक होती ना फळ्यावर, ती तुम्ही पुसलीत."

मुख्याध्यापिकांनी खिडकीबाहेर पाहिलं. कलमबाईला एकाच वेळी दोन गोष्टी हव्या होत्या. सरांनी हसून मधली रेघ मारावी आणि ती चूक पुन्हा लिहावी, आणि सरांनी असलं काहीही करू नये.

"बस खाली," सर म्हणाले.

चष्मेवाली बसली. त्या वर्गात हे दोन शब्द कुणी ऐकलेले नव्हते, त्यामुळे बाकीची एकतीस मुलंही ताठ झाली. मग सगळं सुरळीत पार पडलं. सर विचारत, हात वर होत, उत्तरं बरोबर येत. कुणी हसलं नाही, कुणी डोकं खाजवलं नाही. चिठ्ठ्या गोळा झाल्या. बत्तीसपैकी बत्तीस.

मुख्याध्यापिका जाता जाता म्हणाल्या, "सर, आज वर्गात काय चैतन्य होतं!" त्या मनापासून म्हणाल्या, हीच तर पंचाईत.

मुलं मैदानात गेल्यावर कलमबाई निरीक्षणाचा कागद घेऊन टेबलाशी आली. शंभर टक्के. शाळेत इतके कुणाला पडले नव्हते. तिला वाटलं होतं, सर कागद भिरकावतील, निदान दोन शब्द सुनावतील. तिची ऐकून घ्यायची तयारी होती. ऐकून घ्यायला मिळालं असतं तर तिला बरंच वाटलं असतं.

सरांनी कागद शांतपणे वाचला आणि सही केली.

"सोपं होतं हो," ते म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता. तिने नीट ऐकलं, खरंच नव्हता. "घसा दुखला नाही की काही नाही. तास कधी संपला कळलंसुद्धा नाही. मी इतकी वर्षं उगाच जिवाचं रान करत होतो."

"सर, असं नका म्हणू. आता झालं एकदाचं. उद्यापासून तुम्ही तुमचं..."

"पुढचं निरीक्षण कधी?"

"सहा महिन्यांनी."

"मग हाच धडा ठेवतो. पोरांकडून अधूनमधून म्हणून घ्यायला हवा, विसरतील." त्यांनी खिशातून डायरी काढली आणि तशी नोंद केली. "त्या चष्मेवालीला मात्र आधी समजावून ठेवावं लागेल."

कलमबाईने आपली सही केली. सर आता कुठे जाणार नव्हते, निवृत्त होईपर्यंत याच वर्गात शिकवणार होते. कागद कार्यालयात द्यायला ती जिना उतरत होती, आणि जन्मात पहिल्यांदा तिला वाटलं की हा माणूस नापास झाला असता तर बरं झालं असतं.