कौलात न सांगितलेली गोष्ट

कळी उजवीकडे पडली आणि देवळात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. तन्वीचा सोडून!

गुरवाने देवाच्या पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवल्या होत्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तन्वीच्या बाबांनी, सत्यवानने, हात जोडून विचारलं होतं, "म्हाराजा, लिवरात बारकी गाठ आसा. आंब्याचो सिझन आटपल्यार ऑपरेशन केलंय तर चलात मां?"

"होय महाराजा!" सगळे एका सुरात ओरडले. आणि देवाने उजवा कौल दिला.

देणारच की! त्याला सांगितलं काय होतं?

आठ दिवसांपूर्वी कोल्हापूरला एमआरआय झाला. बाबा तपासणीसाठी रक्त द्यायला गेले होते, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी स्क्रीनवर बोट ठेवून आईला आणि तन्वीला दाखवलं होतं. "ही कड बघा. गुळगुळीत नाही, खडबडीत आहे. शिरेतून औषध सोडल्यावर गाठीभोवती ही धूसर कडी उमटते. म्हणजे गाठ बहुतेक आक्रमक आहे, बाजूच्या बारीक रक्तवाहिन्यांत शिरू लागली असावी. नक्की काय ते गाठ काढून तपासल्यावरच कळेल. पण ऑपरेशनमध्ये मला गाठीभोवतीचा थोडा जास्त भाग काढावा लागेल. थांबू नका. त्यांनाही सांगा."

आई, म्हणजे शेवंती, मान डोलावत राहिली. तन्वीने स्क्रीनचा फोटो काढून घेतला. बाहेर येताच तिने तन्वीचं मनगट घट्ट धरलं. "बापसाक यातला एक अक्षर सांगू नको. धीर सोडतलो."

म्हणून बाबांना कळलं ते एवढंच, की गाठ बारकी आहे.

जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत तन्वी सात मिनिटं न अडखळता बोलली होती. कपाटावर कप चमकत होता. पण आठ दिवस झाले, घरात तिच्या तोंडून एक वाक्य निघत नव्हतं.

कौलाच्या दुसऱ्या दिवशी बागेतल्या मांगरात, आंबे ठेवायच्या खोपीत, बाबा पेटीत गवत पसरून आंबे लावत होते. हात नेहमीसारखेच भराभर चालत होते, पण शर्ट खांद्यावरून ओघळत होता. ते पाहिलं आणि तन्वीच्या तोंडून निघूनच गेलं.

"बाबा, देवाक तुम्ही खोटा सांगलात."

"काय बडबडतंस गो?"

मग तिने सगळं सांगून टाकलं. खडबडीत कड, धूसर कडी, 'थांबू नका'. बाबा आधी हसले.

"गो बाय, तीस वर्सां आंबे काढतंय. भायरसून सोन्यासारको दिसता, घमघमता, आणि आत साको! गर पांढरो, फसफशीत. कापल्याशिवाय ब्रह्मदेवाक कळना नाय. आणि तुझ्या मशीनाक न कापता कळला, गाठ कसली ता?"

"पुरा कळाक नाय. बहुतेक, म्हणाली ती." तन्वीने पेटीतला एक आंबा उचलला. "पण आंब्यात साको निघालो तर तुम्ही आंबो टाकतास. हयसर उशीर झालो तर काय टाकतलास?"

बाबांचा हात गवतातच थांबला. दारात शेवंती पेजेचं भांडं घेऊन उभी होती.

"तुका म्हायत होता?" बाबांनी विचारलं.

"माका वाटला, तुम्ही खचशात..." तिने भांडं खाली ठेवलं. "आणि आता कौल झालो मां! देवान शब्द दिल्यान..."

"खयचो कौल? अर्धीच गोष्ट सांगून घेतलेलो? देव नाय फसलो, शेवंते. मी फसलंय."

नंतर त्यांनी तन्वीचा फोन मागितला. आंब्याच्या चिकाने काळवंडलेला अंगठा त्या करड्या फोटोवर फिरत राहिला.

"हीच ती कड?"

"होय."

"मंगेशमामाक फोन लाव. ऱ्हवलेली बाग तू काढ म्हणान सांग. आणि त्या डॉक्टरणीक विचार, उद्या इलंव तर चलात काय."

त्या दिवशी ते शेवंतीशी आणखी एक शब्द बोलले नाहीत. पेज तशीच गार झाली.

पहाटे गाडी निघाली. बाबा पुढे ड्रायव्हरशेजारी, मायलेकी मागे. दहा दिवस! तन्वी मनातल्या मनात ते दिवस परत मोजत होती, जणू पुन्हा मोजले तर कमी भरतील. देवळाच्या वळणावर बाबांनी गाडी थांबवायला सांगितली. उतरले नाहीत. काच खाली करून हात जोडले.

"म्हाराजा, आज काय विचारूचा नाय. सांगूचा आसा. गाठ वायट आसा म्हणतत. आधी माका म्हायत नव्हता, म्हणान तुकाय सांगलंय नाय. आता चललंय."

पुढचे शब्द कोण म्हणणार? कप जिंकणाऱ्या तन्वीने आईकडे पाहिलं.

"होय महाराजा," मागच्या सीटवरून शेवंती एकटीच म्हणाली, अगदी हळू.

बाबांनी मागे वळून पाहिलं नाही. पण तिचा आवाज देवळापर्यंत पोचेपर्यंत काचही वर केली नाही.