पहिली ओळ पुरेशी

लालसू मडावीला नाकेदार व्हायचं होतं. जंगल राखणारा सरकारी माणूस, आणि जमलं तर स्वतःच्याच गावच्या जंगलात. शिक्षण सातवी, वय चोवीस संपत आलेलं आणि पंचविशीला सरकारचं दार बंद. त्यामुळे सत्तावन्न सालची परीक्षा ही त्याची शेवटचीच. मी एटापल्लीच्या शाळेत मास्तर. दर बाजाराच्या दिवशी त्याला शिकवायचो.

त्या वर्षी कुण्या साहेबाला हौस आली आणि पेपरात अकलेचे प्रश्न घुसले. वर एक प्रश्न, खाली दोन ओळी माहिती. उत्तर काढायचं नाही. तेवढी माहिती पुरेशी आहे की नाही, आणि कोणती ओळ पुरते, एवढंच लिहायचं. मी फळ्यावर मांडलं: विहिरीचं पाणी किती खोल? एक, दोर वीस हात. दोन, बादली पाण्याला टेकली की पाच हात दोर वर उरतो.

"कोनती विहीर जी? उनाळा का पावसाळा?"

"अरे शहाण्या, कागदावर आहे तेवढंच जग! बाहेरचं काही आणायचं नाही." चिडलो की मी खडू मोडतो. त्याच्यापायी अख्खी पेटी संपली असेल. पण शेवटी जमलं त्याला. मी खूश होऊन म्हटलं, "आता नोकरी, मग लग्न." तो पाटी पुसत बसला. त्याच्या वयाचा बिनलग्नाचा गडी त्यांच्या गावात दुसरा नव्हता. मला वाटलं, लाजला.

पेपर तपासायला जिल्ह्याच्या गावी, चांद्याला, आम्हा मास्तरांनाच बसवलं. नावं झाकलेली होती, पण लालसूचं अक्षर मी कुठंही ओळखीन. एकेक उत्तर बरोबर येत गेलं. शेवटचा प्रश्न होता: रामा आणि गंगा बहीण-भाऊ आहेत काय? एक, दोघांचं आडनाव एक. दोन, दोघं एका गावचे.

छापील उत्तर: दोन्ही ओळी मिळूनही माहिती अपुरी. लालसूनं लिहिलं होतं: पहिली ओळ पुरेशी.

लालसूच्या गोंडांत आडनाव एक म्हणजे कूळ एक, आणि कूळ एक म्हणजे बहीण-भाऊच. हे मला माहीत होतं. नऊ वर्षं त्या लोकांत काढली होती. शिस्त म्हणा, भित्रेपणा म्हणा, मी फुली मारली. एका गुणानं तो नापास झाला.

पुढच्या बाजाराला तो शाळेत आला. "गुरुजी, कोनता चुकला?"

मी सांगितलं. "कागदाबाहेरचं आणलंस, लालसू."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं नुसतं विचारलं:

"मडावी-मडावी बहीण-भाऊ नाई?"

"तुमच्यात असतील. कागदावर नाही."

तो पाटीवरचं नाव बोटानं पुसू लागला. मग म्हणाला, "आमच्या गावची मंगली मडावी. पाच वर्सं झाले. मी पंचाइतीच्या पाया पडलो. ते म्हनले, आडनाव एक, बहीन हाय तुही. तिले भामरागडकडं देऊन टाकलं. मी तोंड नाई उघडलं."

त्यानं पाटी माझ्या टेबलावर परत ठेवली.

"आता सरकार म्हनते, तेवढ्यानं बहीन होत नाई. हे तवाच काऊन नाई सांगितलं, गुरुजी?"