ठिबकवाल्यांसाठी एक पुस्तक

मेहकरातल्या आमच्या ठिबक सिंचनाच्या दुकानात विक्रीला पंधरा माणसं आहेत आणि स्वखुशीनं पुस्तक वाचणारी मी एकटी. त्यामुळे हे लचांड माझ्याच गळ्यात पडणार होतं.

"रेणुका, पोरायले विक्री शिकवाची हाये," आमचे मालक चंद्रशेखरभाऊ म्हणाले. "एखादं चांगलं पुस्तक काढ. पंधरा प्रती मागवू, दोन दिवसाचं शिबिर ठेवू. शनिवारी सांग."

"शिबिर घेनार कोन?"

"पुस्तक मले पटलं तं तूच घेजो. नाही पटलं तं नागपूरचे एक सर हायेत, त्यायले बोलावतो."

आठ वर्षं मी त्या दुकानात बिलं बनवतेय. कोणत्या नळीला कोणता जॉइनर लागतो हे झोपेत विचारलं तरी सांगेन, पण दुकानाची पायरी उतरून कोणी मला वावरात नेलं नाही. ते शिबिर मला हवं होतं. अगदी हावरटासारखं हवं होतं, उगाच कशाला लपवू?

बुलढाण्याच्या दुकानातून चार पुस्तकं आणली, चार मोबाईलवरून मागवली. प्रत्येकाच्या मुखपृष्ठावर टाय लावलेला एक माणूस, दाढदुखी नुकतीच थांबल्यासारखा हसणारा. आत मात्र मजेशीर गोष्टी होत्या. एक पुस्तक म्हणे, गिऱ्हाइकाला 'हो' असंच उत्तर येईल असे तीन प्रश्न विचारा, चौथ्याला तो माल घेतो. दुसरं म्हणे, गिऱ्हाइकाचं नाव सारखं घेत राहा, माणसाला स्वतःच्या नावाएवढं गोड काही लागत नाही. तिसरं म्हणे, निर्णय घेणारा पुरुष शोधा, बाकीच्यांवर शब्द वाया घालवू नका. आणि आपल्या मालाची उणीव आपण होऊन सांगू नका, यावर तर जवळजवळ सगळ्यांचं एकमत.

खरं काय ते पाहावं म्हणून मी नवऱ्यावर प्रयोग केला. रवीला विचारलं, "दमले ना? भूक लागली ना? हॉटेलातलं आवडते ना?"

तीनदा 'हाव' म्हणाला आणि मग म्हणाला, "मंग सैपाक काऊन नाही केला?"

नवऱ्यावर भागेना, तेव्हा गुरुवारी मी इंद्रभानभाऊंच्या मोटरसायकलवर मागे बसले. इंद्रभानभाऊ आमच्यातले सगळ्यांत जुने. दरवर्षी सगळ्यांत जास्त विक्री त्यांची आणि पुस्तकाला हात लावलेला कोणी पाहिला नाही. हा माणूस नकळत यातलं कोणतं पुस्तक वापरतो, ते मला शोधायचं होतं. पर्समध्ये पुस्तक आणि पेन्सिल घेऊन निघाले.

लोणार रोडवरच्या एका खेड्यात भगवानराव म्हणून शेतकरी होते, दोन एकर हळद लावणार होते. निंबाखाली खुर्च्या टाकल्या, चहा आला. इंद्रभानभाऊ काही बोलण्याआधी मीच सुरू केलं.

"भगवानराव, पानी कमी पडते ना? भगवानराव, मजूर भेटत नाही ना? भगवानराव, उत्पन्न वाढलं पाह्यजे ना?"

"हाव. हाव. हाव," भगवानराव म्हणाले आणि इंद्रभानभाऊंकडे वळले. "हे बाई घडीघडी माह्यं नाव काऊन घेऊन राह्यली?"

माझे कान तापले. बापाच्या वयाच्या माणसाला मी ना काका म्हटलं ना भाऊ, हजेरी घ्यावी तसं नाव पुकारत होते.

इंद्रभानभाऊ तोवर उठून ओट्याकडे गेले होते. तिथे भगवानरावांच्या पत्नी रुखमाबाई बेण्याची हळद निवडत होत्या. "काकू, निंदाले किती बाया येतात?" त्यांनी विचारलं.

"आठ-नव."

"त्यायच्या इळ्यानं नळ्या कापल्या जातात बरं. शेजारच्या वामनरावाच्या वावरात मांगच्या साली लय जागी कापल्या. पाह्याले येता काय?"

मी तर हबकलेच. ही असली विक्री? पण रुखमाबाईंनी हात झटकले, चपला घातल्या आणि निघाल्या.

वामनरावांच्या वावरात इंद्रभानभाऊंनी चांगली ओळ दाखवलीच नाही, ठिगळं लावलेली दाखवली. रुखमाबाई खाली बसल्या आणि प्रश्न सुरू झाले. कापली तं कोन जोडते? किती येळ लागते? खारी कुरतडतात काय? हंगाम सरल्यावर नळ्या कोन गुंडाळते? प्रत्येक प्रश्नाला इंद्रभानभाऊंचं उत्तर एका वाक्याचं, मग गप्प. शेवटी त्यांनी कापलेली नळी आणि जॉइनर रुखमाबाईंच्या हातात दिला. पहिला जोड ओढल्याबरोबर सुटला. दुसरा त्यांनी दात-ओठ खाऊन दाबला, तो टिकला.

"बसवा," त्या म्हणाल्या. "पन हे जॉइनर मूठभर जास्तीचे द्यान." भगवानराव मागे उभे होते, त्यांना कोणीच काही विचारलं नाही.

परतताना मी ओरडून विचारलं, "भाऊ, हे तुमाले कोनं शिकवलं?"

त्यांनी गाडी बाजूला घेतली. "पह्यल्या साली मी कोनाले सांगतलंच नाही, नळी कापली जाते म्हून. मंग एक बाई कापलेल्या नळ्यायचं भेंडोळं घेऊन लोणारच्या बाजारात आली. समद्या लोकायसमोर माह्या पायाशी टाकलं. शिवी नाही, काही नाही. तशीच चालली गेली. तवापासून पह्यले तेच दाखवतो." एवढं बोलून त्यांनी किक मारली.

शनिवारी मी चंद्रशेखरभाऊंसमोर आठातलं सगळ्यांत पातळ पुस्तक ठेवलं.

"यातलं दुसरं प्रकरन आपल्या कामाचं नाही," मी म्हणाले. "निर्नय घेनारा मानूस शोधा म्हनते अन् तो पुरुषच धरते. पाचवं तं घातक हाये, उनीव लपवाले सांगते. ते शिकवाचंच नाही."

"मंग हेच काऊन?"

"गिऱ्हाईक विचारते तवा गप बसून आयकाचं कसं, ते यात चांगलं सांगतलं. ते आपल्या पोरायले जमत नाही."

त्यांनी पानं चाळली, खोदून खोदून विचारलं, मी सांगत गेले. शेवटी पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "पटलं. पंधरा प्रती मागव. शिबिर तूच घे."

तिथे उठायला हवं होतं. अर्धी उठलेही होते. पण मूठभर जॉइनर मागणारी ती बाई डोळ्यांपुढून हलेना.

"भाऊ," मी म्हणाले, "मी आजवर एक नळीबी नाही विकली. परवा विकाले गेली तं मानसानं माह्यंच हसू केलं."

चंद्रशेखरभाऊंनी पुस्तक परत स्वतःकडे ओढलं.

"मंग शिबिर आता राहू दे. सोमवारपासून इंद्रभानसंग फिर. हंगाम काढ पुरा. बिलाले दुसरं कोनी पाहू."

हंगाम संपल्यावर शिबिर माझंच असेल की नागपूरच्या सरांचं, ते बोलले नाहीत आणि मला विचारायचं धैर्य झालं नाही. बाहेर येऊन स्कूटी सुरू केली तेव्हा स्वतःचा भयंकर राग येत होता. आठ वर्षांनी हाताशी आलेलं मी माझ्याच तोंडानं घालवलं होतं. घरी पोचेपर्यंत रडू फुटेल असं वाटलं होतं. फुटलं नाही. बस स्टँडपासून घरापर्यंत मी एकच विचार करत होते, सोमवारी पहिल्या वावरातली बाई मला काय विचारेल.