बाईंच्या टाकीचा राखणदार

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी घरात ठेवलेला समुद्र पाहिला आहे का? काचेची मोठी टाकी, तिच्यात खारं पाणी, दगड आणि त्या दगडांवर फुलासारखे उघडमीट करणारे जिवंत प्रवाळ. अशाच एका टाकीचा मी राखणदार होतो. मला कंट्रोलर म्हणतात. दिसायला मी अगदी साधा, करड्या रंगाचा एक खोका. पोटात थोडी सर्किटं, पाठीला प्लग लावायच्या जागा आणि पाण्यात सोडलेली एक लांब काडी. त्या काडीने मला पाण्याचं तापमान कळायचं. हीटर कधी लावायचा, कधी बंद करायचा, पंप चालतोय की नाही, हे सगळं मी बघायचो. काही बिघडलं की ओरडायचो.

मी घरी आलो ती गोष्ट आधी सांगतो, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ तिथेच आहे.

टाकी होती चित्रकलेच्या बाईंची. बाई शाळेत शिकवायच्या. बोटाच्या पेराएवढा एकेक प्रवाळाचा तुकडा आणून त्यांनी ती बाग वाढवली होती. त्यांचे यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे. सगळी सोसायटी त्यांना लिफ्टवाले काका म्हणायची. एकदा दोघं लग्नाला गेले असताना हीटर अडकून बसला, बंदच होईना. परत आले तोवर पाणी तापून अर्धी बाग मरून पांढरी पडली होती. बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. मग काकाच म्हणाले, "चल, याच्यावर लक्ष ठेवणारं काहीतरी आणू."

दुकानात आम्ही दोघं शेजारी शेजारी ठेवलेले होतो. एक तो दिमाखदार, रंगीत पडद्याचा, मालकाच्या फोनवर निरोप धाडणारा. आणि दुसरा मी.

बाईंनी दुकानदाराला अगदी उलटतपासणी घेतल्यासारखं विचारलं. "हीटर अडकला तर हा वीज तोडतो का? लाईट जाऊन आले तर याला सगळं आठवतं का? ही पाण्यातली काडी खराब झाली तर नवी मिळते का?"

"दोन्हींत आहे ताई सगळं," दुकानदार म्हणाला. "फरक एवढाच, हा फोनवर कळवतो आणि हा जागेवर बोंब मारतो."

काकांनी फोनवाला उचलला. "हाच घेऊ. आपण कुठेही असलो तरी कळेल."

"अहो, माझा फोन कायम पर्सच्या तळाशी. तुमचा लिफ्टच्या खड्ड्यात, तिथे रेंज नाही," बाई म्हणाल्या. "मला घरात ओरडणारा हवा. अडकलेल्या हीटरची वीज तर हा आपणच तोडेल, आणि रात्री तरी घरात कोणी ना कोणी असतंच की."

काकांनी थोडी कुरकुर केली. मग मला हातात घेऊन ते हसले. "बरं. ओरडणारं माणूस घरात आहेच, आता यंत्रही येऊ दे."

बाईंनी त्यांच्या दंडाला चिमटा काढला आणि मी त्या घरचा झालो.

ती वर्षं फार सुखाची गेली. बाई शाळेतून आल्या की चप्पल काढायच्या आधी माझ्याकडे बघायच्या. आकडा ठीक दिसला की "शाब्बास" म्हणायच्या. पाहुण्यांना सांगायच्या, "हा आमचा पहारेकरी." माझ्या काडीवर शेवाळ चढलं की जुन्या ब्रशने हलक्या हाताने घासायच्या. टाकीत माशांबरोबर एक लाल पट्ट्यांची कोळंबीही होती. बाईंनी हात घातला की ती येऊन त्यांची नखं साफ करायची. बाई खळखळून हसायच्या. "अहो, बघा, पार्लरचं काम फुकटात!"

एकदा माझी हाक कामी आली, तेव्हा पंपात गोगलगाय अडकली होती. बाई स्वयंपाकघरातून धावत आल्या, तिला काढलं आणि मला थोपटलं. काका पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "मान्य. तुझी निवड बरोबर."

मग बाईंना धाप लागू लागली. आधी जिन्यात, मग बोलताना, मग नुसतं बसल्या जागी. एका थंडीच्या सकाळी त्यांचे ओठ निळसर दिसले आणि काकांनी रुग्णवाहिका बोलावली. निघताना गडबडीत काकांनी शेजारच्या वहिनींच्या हातात किल्ली दिली. "माशांना चिमूटभर खाणं टाका फक्त."

"तुम्ही जा हो. मी आहे ना," वहिनी म्हणाल्या. त्या अगदी मनापासून म्हणाल्या होत्या.

मित्रांनो, त्या थंडीतच हीटर जळाला. मी वीज सोडत होतो, पण तो तापतच नव्हता. पाणी हळूहळू गार पडू लागलं. मी ओरडायला सुरुवात केली. हे काम मला चांगलं येत होतं. पण घर रिकामं होतं. फर्निचरला ऐकू येत नाही.

वहिनी खाणं टाकायला आल्या आणि दारातच थबकल्या. "अगं बाई, हे काय वाजतंय!" त्यांनी काकांना फोन लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही. परत लावला. मग त्या माझ्या जवळ आल्या, पाणी बघितलं, वायरी बघितल्या. त्यांचा चेहरा पडला. "शॉर्टसर्किट झालं तर? पाणी आणि वीज..." असं पुटपुटत त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं.

त्यानंतरचं मला माहीत नाही. बटण बंद म्हणजे मी बंद. जे कळलं ते पुढे वहिनींच्याच तोंडून. त्या रोज आल्या. रोज चिमूटभर खाणं टाकलं. पंप थांबलेले, पाणी हलत नव्हतं. मासे तळाशी पडलेले दिसले, तेव्हा त्यांना वाटलं, झोपले असतील.

मला जाग आली तेव्हा समोर काका होते. अंघोळीला आणि बाईंचे कपडे न्यायला घरी आले होते. खोलीभर कुजका वास होता, खिडक्या सताड उघड्या. काकांच्या बाह्या कोपरापर्यंत वर होत्या आणि ते एकेक करून सगळं बाहेर काढत होते. कोळंबी हातात आली तेव्हा ते जमिनीवरच बसले. मग उठले, नवा हीटर आणला, पाणी बदललं, पंप लावले. सगळं ठीक असल्याचा माझा हिरवा दिवा लागला. टाकी पुन्हा स्वच्छ झाली, पण तिच्यात काहीच नव्हतं.

तेवढ्यात फोन आला. फोनच्या पडद्यावर बाई दिसल्या, नाकाला नळी लावलेल्या.

"जेवलात का?" त्यांनी विचारलं.

"हो, हो. तू?"

"टाकी दाखवा ना जरा. किती दिवसांत बघितली नाही."

"अगं, लाईट गेलेत."

बाईंनी फोन डोळ्यांजवळ धरला. "मग तुमच्या मागे तो हिरवा दिवा कसला?"

माझा दिवा विझवता आला असता तर मी तो त्याच क्षणी विझवला असता. पण ते माझ्या हातात नव्हतं. शेवटी काकांनी फोन टाकीकडे वळवला. बाईंनी पांढरे दगड पाहिले, रिकामे कोपरे पाहिले.

"कोळंबीपण?"

"कोळंबीपण."

"तो ओरडला नाही का?"

"ओरडला की. वहिनी घाबरल्या. बटण बंद केलं त्यांनी. आत्ता किल्ली देताना सांगत होत्या."

"त्यांना काही बोलू नका हं." बाईंना दम लागत होता. "तुमचं ऐकायला हवं होतं मी. फोनवाला घ्यायला हवा होता."

"काही नाही तसलं," काका म्हणाले. "वहिनींनी फोन केला होता मला. मी तरी कुठे उचलला?"

"पाणी चालू ठेवा," बाई म्हणाल्या. "मी आले की बघू. परत लावू."

पण बाई आल्या नाहीत. घरात माणसं आली, चपलांचा ढीग झाला, हुंदके ऐकू आले आणि एकेक करून सगळे गेले. दूर नोकरी करणारा मुलगा तेवढा मागे राहिला.

काका मात्र पाणी चालू ठेवत राहिले. मीठ मोजायचे, काच पुसायचे, आटलेलं पाणी भरायचे. माझी काडी ते बाईंच्याच ब्रशने घासायचे, पण त्यांचा हात जड होता. मी तापमान राखत होतो, पंप फिरत होते. आणि ते सगळं कोणासाठीच नव्हतं. यापेक्षा मी तेव्हा बंद राहिलो असतो तर बरं, असं मला रोज वाटायचं.

"बाबा, आत काहीच नाहीये," मुलगा एकदा म्हणाला. "कशासाठी तापवताय?"

"ती चालू ठेवा म्हणाली होती."

मुलगा उठून गॅलरीत गेला.

वहिनी इतके दिवस तोंड चुकवत होत्या. माझं वाजणं म्हणजे मदतीची हाक होती, हे मुलाकडून त्यांना कळलं आणि त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "भाऊजी, मीच मारलं ना सगळं? बाईंना कळलं होतं का?"

"कळलं होतं."

"काय म्हणाल्या?"

"तुम्हाला काही बोलू नका म्हणाली."

वहिनी उंबऱ्यातच बसल्या. "शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं हो," म्हणून त्या ढसाढसा रडल्या. काका त्यांच्यासमोर बसले. "चूक माझी आहे वहिनी. मी नुसती किल्ली दिली. हा वाजला तर काय समजायचं, ते सांगितलंच नाही. आता हे पाणी उपसायला तेवढी मदत करा."

दुसऱ्या दिवशी वहिनी स्वतःची बादली घेऊन आल्या. दोघांनी मिळून बाईंचा समुद्र उपसला. बादल्या भरून भरून न्हाणीघरात ओतल्या. पाणी खाली गेलं, माझी काडी उघडी पडली आणि मी सवयीने ओरडू लागलो. वहिनींनी काकांकडे पाहिलं. काकांनी हात पुसले, माझा प्लग सावकाश काढला आणि वायर नीट गुंडाळली.

आता टाकी कोणीतरी घेऊन गेलं आहे. मला मात्र काकांनी दिलं नाही. पुन्हा कुठे लावलंही नाही.

मित्रांनो, एखादी जिवंत गोष्ट कोणाच्या हवाली करताना कितीही घाई असली तरी दोन शब्द सांगायला थांबा. आणि कोणी तुमच्या भरवशावर काही सोडून गेलं, तर ओरडणाऱ्याला गप्प करण्याआधी तो का ओरडतोय, एवढं कोणाला तरी विचारा. माझी हाक कोणाला समजली असती तरी बाई वाचल्या नसत्या, हे मला कळतं. पण त्या दिवशी फोनवर त्यांना दाखवायला टाकीत काहीतरी हलतं, जिवंत उरलं असतं.